सहकारी गृहसंस्थांचीं दप्तरें : शहरी वस्तीच्या इतिहासाचें एक साधन

ऐतिहासिक कागदपत्रांचा संग्रह करणारांची दृष्टि साहजिकपणें जुन्या वाड्यांकडे, कुळकर्ण्यांच्या दप्तरांकडे व मठ-देवस्थानांतील बाडांकडे वळते. आणि तसें होणें युक्तहि आहे. परंतु ज्या घरांत हे संग्राहक स्वतः राहतात त्या घरांचा इतिहास कोणत्या कागदांत आहे, असा प्रश्न केला तर उत्तर सहसा मिळत नाहीं. मुंबई, पुणें, ठाणें येथील मध्यमवर्गापैकीं फार मोठा भाग आज सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींत राहतो. या संस्थांचीं दप्तरें जिन्याखालच्या कपाटांत, चिटणिसाच्या घरीं, अथवा गच्चीवरील खोलींत पडून असतात. सर्वांत जुन्या संस्थांस शंभर वर्षें उलटून गेलीं आहेत. आणि जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचें काम सध्यां झपाट्यानें चालू असल्यामुळें हे कागद आमच्या डोळ्यांदेखत नाहींसे होत आहेत. म्हणून या संस्था कशा उत्पन्न झाल्या, त्यांत राहणाराचा हक्क कोणत्या जातीचा असतो, त्यांचे कागद कोणते व ते कसे वाचावे, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. संस्थांची उत्पत्ति

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनीं प्लेगची सांथ ओळखली. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या व तुंबलेलीं गटारें यांत रोगाचें मूळ आहे, असें तत्कालीन सरकारचें मत झालें, आणि १८९८ सालीं मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. कै. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड याच सालीं निघाला, हा योगायोग वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.  जुन्या गर्दीच्या वस्त्या पाडणें, रुंद रस्ते काढणें, आणि मोकळ्या केलेल्या जमिनीचे तुकडे भाडेपट्ट्यानें देणें, हें ट्रस्टचें काम होतें. मलबार टेकडीच्या पायथ्याजवळची गांवदेवीची वसाहत ट्रस्टनेंच आंखली. १९३३ सालीं ट्रस्ट महापालिकेंत विलीन झाला. म्हणून एखाद्या जमिनीचा मूळ पट्टा शोधणारास त्यापूर्वींचे कागद ट्रस्टच्या नांवें व त्यानंतरचा पत्रव्यवहार महापालिकेच्या नांवें आढळेल.

दुसरा धागा सहकाराचा. इंग्लंडांत रॉचडेल येथें १८४४ सालीं अठ्ठावीस जणांनीं सहकारी दुकान काढलें, व १९०१ सालीं लंडनजवळ ईलिंग येथें भाडेकऱ्यांनींच एकत्र येऊन घरें बांधण्याची संस्था काढली. हिंदुस्थानांत १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता; शेतकऱ्यास सावकाराच्या पाशांतून सोडवावें एवढाच त्याचा हेतु. १९१२ च्या कायद्यानें ही मर्यादा काढून टाकली. त्या कायद्यान्वयें दहा प्रौढ व्यक्ति एकत्र आल्या म्हणजे पतपेढीखेरीज इतर उद्देशांसाठींहि संस्था नोंदवितां येऊं लागली.

हे दोन धागे एकत्र गुंफणारे गृहस्थ म्हणजे रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी (१८५९–१९४८) होत. कानडा जिल्ह्यांतून नोकरीनिमित्त मुंबईस आलेल्या चित्रापूर सारस्वत समाजाचे ते पुढारी. १९०६ सालीं त्यांनीं आपले गुरुस्थानीय शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नांवें सहकारी पतसंस्था काढली. १९११ सालीं कानडा सारस्वत असोसिएशन स्थापन झालें. आणि १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. मुंबई इलाख्यांतील ही पहिली सहकारी गृहसंस्था. आशिया खंडांतील पहिली म्हणूनहि ती सांगितली जाते. तारदेवची तालमकीवाडी त्यांचें नांव आजहि धारण करून आहे.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. आधीं पेढी, मग समाजसंस्था, मग घर. परक्या शहरांत तारण देण्यास जमीन नसलेल्या पगारदार माणसांस एकमेकांची ओळख हेंच तारण होतें, आणि घर हें त्या ओळखीचें फळ होतें. याची दुसरी बाजूहि इतिहासकारानें झांकूं नये. ज्या ओळखीवर संस्था उभी राहिली तिच्याच योगानें ओळखीबाहेरच्या माणसास दार बंद राहिलें. आरंभींच्या पुष्कळ संस्था एकेका जातीच्या वा समाजाच्या होत्या. हा प्रश्न जुना होऊन गेला असें नाहीं. अहमदाबादच्या पारशी गृहसंस्थेच्या खटल्यांत, सभासदत्व आपल्या समाजापुरतें ठेवणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं वैध ठरविला. म्हणून संस्थेच्या पोटनियमांत ‘सभासद कोणास होतां येईल’ हें कलम संशोधकानें प्रथम वाचावें. वस्तीचा सामाजिक नकाशा त्या एका कलमांत असतो.

२. राहणाराचा हक्क

सहकारी इमारतींत राहणारा मनुष्य मालक कीं भाडेकरू? या प्रश्नाचें सरळ उत्तर देतां येत नाहीं. जमीन व इमारत संस्थेच्या नांवें असते; सभासद संस्थेचे भाग अथवा शेअर घेतो, आणि त्या भागांच्या आधारें एका ठराविक गाळ्यांत राहण्याचा हक्क त्यास मिळतो. भाग आणि गाळा यांची फारकत करतां येत नाहीं. तो घर विकतो असें आपण बोलतों, पण कागदोपत्रीं तो भाग व त्याबरोबरचा हक्क दुसऱ्याच्या नांवें करून देतो, आणि नवा मनुष्य संस्थेच्या सभेनें सभासद म्हणून दाखल करून घ्यावा लागतो.

आमच्या वाचकांस मिरासीच्या दृष्टान्तानें ही गोष्ट लवकर उमजेल. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा, विकतां अथवा गहाण टाकतां येण्याजोगा. उपऱ्याचा हक्क कराराच्या मुदतीपुरता. परंतु मिरासदारहि गांवापासून सुटा नव्हता. त्याच्या मिरासपत्रावर पाटील, कुळकर्णी व इतर वतनदार यांची साक्ष लागे. गृहसंस्थेचा सभासद या अर्थानें मिरासदाराच्या जवळ आहे व चाळींतला भाडेकरू उपऱ्याच्या. हा दृष्टान्त केवळ समजुतीपुरता होय. एकापासून दुसरें निघालें असें आमचें म्हणणें नाहीं. मिरासी वहिवाटीनें सिद्ध होई. गृहसंस्थेचा हक्क कायद्यानें व पोटनियमांनीं निर्माण केला. तसेंच संस्थेंत, भाग किती आहेत याकडे न पाहतां, एका सभासदास एकच मत मिळतें. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या २७ व्या कलमांत हें स्पष्ट आहे. वतनदारांच्या सभेंत असली समता नव्हती.

संस्थांचे मुख्य प्रकार दोन. पहिला भाडेकरू-सहभागाचा : जमीन व इमारत दोन्ही संस्थेचीं. जुन्या व्यवस्थेंत संस्था सभासदांचें भांडवल व कर्ज यांतून इमारत बांधी. सभासद दरमहा जें भाडें देई त्यांतून व्याज, मुद्दलाची फेड, कर व दुरुस्ती भागत असे. म्हणून जुन्या हिशेबवह्यांत सभासदाच्या नांवापुढें ‘भाडें’ हा शब्द दिसल्यास त्यास उपरा भाडेकरू समजूं नये. दुसरा प्रकार भाडेकरू-मालकीचा : जमीन संस्थेकडे, पण तिच्या एकेका तुकड्यावर घर बांधणारा व त्याचा धनी सभासद. बंगल्यांच्या वसाहती बहुधा या प्रकारच्या. पुढील काळांतील नोंदणी क्रमांकांत ‘टीसी’ व ‘टीओ’ हीं जीं अक्षरें येतात तीं अनुक्रमें या दोन प्रकारांचीं चिन्हें होत.

३. १९४७ नंतरचा पालट

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं. भाड्यासाठीं इमारत बांधण्यांत धनिकास लाभ राहिला नाहीं. जुन्या चाळींत पागडीची चाल बळावली. आणि नवें घर हवें असणारास भाग घेऊन सभासद होणें हाच मार्ग उरला. त्यानंतर १९६३ सालीं महाराष्ट्रांत मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. इमारत बांधणारानें गाळे विकल्यावर चार महिन्यांच्या आंत संस्थेच्या नोंदणीसाठीं अर्ज करावा, व संस्था झाल्यावर जमिनीचें अभिहस्तांतरण तिला करून द्यावें, असे त्यासंबंधीं नियम आहेत.

या कायद्यामुळें दप्तरांचें रूप पालटलें, आणि ही गोष्ट संग्राहकास फार महत्त्वाची आहे. पूर्वीं संस्था आधीं व इमारत मागून; म्हणून जुन्या इतिवृत्तांत जमीन कोणती घ्यावी, नकाशा कसा असावा, स्वयंपाकघर कोठें व संडास आंत कीं बाहेर, यांवरील चर्चा सांपडण्याचा संभव असतो. पुढें इमारत आधीं व संस्था मागून. त्या इतिवृत्तांचा आरंभच गळणारी गच्ची व अपुरें पाणी यांपासून होतो. पुष्कळ बांधणारांनीं जमीन संस्थांच्या नांवें करून दिलीच नाहीं; शेवटीं २००८ च्या सुधारणेनें मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. एखाद्या दप्तरांत मालकीचें खरेदीखत नसेल तर तें हरवलेंच असें धरूं नये. तें कधीं झालेंच नसण्याचाहि संभव आहे.

४. ‘ब्लॉक’ हा शब्द व शांततेची वहिवाट

इंग्रजींत चार रस्त्यांनीं वेढलेल्या घरांच्या समूहास ब्लॉक म्हणतात. मुंबईच्या मराठींत मात्र ‘ब्लॉक’ म्हणजे स्वतंत्र न्हाणीघर व संडास असलेलें एक बिऱ्हाड. ‘चाळ सोडून ब्लॉकमध्यें राहावयास गेले’ या एका वाक्यांत शहरी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांची कथा आहे. चाळींत गॅलरी सामाईक, नळ सामाईक, संडास सामाईक. ब्लॉकमध्यें हें सर्व दाराच्या आंत आलें. सोंवळें-ओंवळें, बाळंतपण, आजारपण या सर्वांची मांडणी त्यामुळें बदलली. सामाईक उरलें तें जिना, गच्ची, अंगण व पाण्याची टाकी एवढेंच. आणि संस्थेचें जवळजवळ सर्व राजकारण या चार जागांभोंवतीं फिरतें.

गांवदेवीसारख्या भागांतील गल्ल्या आजहि गिरगांवच्या मानानें निवांत आहेत. १९१७ ते १९३४ या काळांत महात्मा गांधी मुंबईस आले असतां ज्या मणिभवनांत उतरत तें याच भागांत लॅबर्नम रस्त्यावर आहे. परंतु अशा वस्तीची शांतता केवळ झाडांची वा रुंद रस्त्याची देणगी नव्हे. ती नियमांनीं राखलेली असते. राहण्याच्या जागेचा इतर उपयोग परवानगीवांचून करूं नये, शेजाऱ्यास उपद्रव होईल असें वर्तन करूं नये, जिन्यांत सामान ठेवूं नये, अशीं कलमें पोटनियमांत असतात. त्यांचा भंग झाल्यावर आलेल्या तक्रारअर्जांवरून शेजारी कसा होता, दुपारची झोंप किती पवित्र मानीत, पापड वाळत घालण्याचा गच्चीवर कोणास किती अधिकार होता, हें समजतें. महजरांतील भांडणांवरून आपण गांवगाडा समजून घेतों. शहराचा गाडा समजून घेण्यास हे अर्ज तितकेच उपयोगी आहेत.

५. कागद व ते वाचण्याची रीति

संस्थेच्या दप्तरांत मुख्यतः पुढील कागद असतात.

नोंदणीपत्र व पोटनियम : नोंदणीपत्रावरून संस्थेचा जन्मदिवस कळतो. सहकारी कायदा १९१२, मुंबई इलाख्याचा स्वतंत्र कायदा १९२५, व १९६० चा महाराष्ट्राचा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून, असा क्रम असल्यानें तारीख फाटली असली तरी कायद्याच्या उल्लेखावरून काळ ठरवितां येतो. पोटनियमांच्या जितक्या आवृत्त्या मिळतील तितक्या ठेवाव्या. फरकांतच इतिहास असतो.

भागपत्र : लोकव्यवहारांत शेअर सर्टिफिकेट. याच्या दर्शनीं बाजूस संस्थेचें नांव, सभासदाचें नांव, भागांचे अनुक्रमांक, तारीख, शिक्का व पदाधिकाऱ्यांच्या सह्या असतात. पाठीमागें हस्तांतरणाचा तक्ता असतो. एकामागून एक आलेल्या धन्यांचीं नांवें व मंजुरी देणाऱ्या सभांच्या तारखा तेथें मिळतात. दर्शनीं बाजू पाहून पाठ न उलटणें हा मोठा दोष होय. जेथें प्रत्येक सभासदास पन्नास रुपयांचे पांच भाग देण्याची वहिवाट होती, तेथें अनुक्रमांकांवरून दाखल झालेल्यांचा क्रम लावतां येतो. ६१ ते ६५ क्रमांकांचें भागपत्र असेल तर त्यापूर्वीं बारा जणांस भाग मिळाले होते व हा तेरावा. मात्र घराच्या किंमतीप्रमाणें कमीजास्त भाग देणाऱ्या संस्थांस हें गणित लावूं नये. तसेंच भागपत्राची तारीख ही राहावयास आल्याची तारीख नव्हे. तीं दोन पुष्कळदां महिन्यांनीं, क्वचित् वर्षांनीं, भिन्न असतात.

सभासद नोंदवही : १९६१ च्या नियमांप्रमाणें ‘आय’ नमुन्याची वही सविस्तर व ‘जे’ नमुन्याची यादी संक्षिप्त. पहिलींत सभासदाचा धंदा, वय, पत्ता व वारस म्हणून नेमलेल्याचें नांव असतें. धंद्याचा रकाना एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत उतरून घेतला तर इमारतींत कारकून किती, शिक्षक किती, वैद्य किती, हें एका बैठकींत निघतें. नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, हा भेद वंशावळी करणारांनीं विसरूं नये.

इतिवृत्तें : सर्वसाधारण सभेचीं व व्यवस्थापक मंडळाचीं निराळीं. पहिल्यांत ठराव, दुसऱ्यांत त्यांमागचीं कारणें. वहीची भाषा केव्हां बदलली, इंग्रजीवरून मराठीवर वा गुजराथीवरून इंग्रजीवर, याची तारीख टिपून ठेवावी. ती बहुधा पदाधिकाऱ्यांच्या पिढीपालटाची तारीख असते.

हिशेब : रुपये-आणे-पै यांचे रकाने १ एप्रिल १९५७ पर्यंत, त्यानंतर नवे पैसे. बिनतारखेच्या पावतीचा काळ ठरविण्यास ही खूण पुरेशी विश्वासार्ह आहे. पाणीपट्टी, रखवालदाराचा पगार, चुना व लोखंड यांचे भाव सलग वर्षांचे मिळाले तर महागाईचा आलेख घरबसल्या काढतां येईल.

नकाशे : मंजूर नकाशांच्या निळ्या प्रती ठिसूळ होतात व उन्हानें उडतात. घडी घातलेला नकाशा एकदम उघडूं नये. जें प्रत्यक्ष बांधलें गेलें तें नकाशाप्रमाणें आहे कीं नाहीं, हें इमारत उभी आहे तोंवरच पडताळतां येतें.

६. सांप्रतचें संकट व उपाय

महाराष्ट्र शासनानें सहकार कायद्याच्या ७९-अ कलमान्वयें पुनर्विकासासंबंधीं ३ जानेवारी २००९ रोजीं व पुढें ४ जुलै २०१९ रोजीं निर्देश काढले. त्यांतील दुसऱ्याप्रमाणें एकूण सभासदांपैकीं ५१ टक्क्यांची संमति पुरेशी धरली आहे. सभासदांस मोठें घर, उद्वाहन व वाहनास जागा मिळते; जुनी इमारत मोडकळीस आली असेल तर जीविताचेंहि रक्षण होतें. पुनर्विकासास विरोध करणें हा आमचा हेतु नाहीं. परंतु इमारत रिकामी करण्याच्या धांदलींत सभासद आपापलें सामान नेतात, संस्थेचें कपाट कोणाचेंच नसतें. चालू हिशेब व मालकीचे कागद वकिलाकडे जातात. उरलेल्या वह्या रद्दींत. एका अर्थानें वाड्यांतील रुमालांची जी गत झाली तीच येथें पुन्हां होत आहे, फरक इतकाच कीं वाड्याचे रुमाल कसर लागण्यास शंभर वर्षें लागलीं, आणि येथें एक आठवडा पुरतो.

यावर उपाय अवघड नाहीं. दप्तर पाहण्यास परकेपणा आड येत नाहीं, कारण आमचे बहुतेक वाचक स्वतःच कोणत्या ना कोणत्या संस्थेचे सभासद आहेत. आणि पोटनियम, सभासदांची नोंदवही व सभांचीं इतिवृत्तें पाहण्याचा हक्क कायद्यानें सभासदास दिला आहे. त्यानें प्रथम दप्तराची यादी करावी : वहीचें नांव, पहिली व शेवटची तारीख, पानें, भाषा, स्थिति. यादीची एक प्रत संस्थेच्या इतिवृत्तांत नोंदवावी, म्हणजे पुढील चिटणिसास जबाबदारीची जाणीव राहील. मूळ वह्या संस्थेच्या मालकीच्या असतात. त्या स्वतःच्या संग्रहांत नेऊं नयेत, मग हेतु कितीहि शुद्ध असो. छायाप्रती घ्याव्या, आणि इमारत पाडण्याचा ठराव झाल्यास त्याच सभेंत जुनें दप्तर एखाद्या ग्रंथालयाकडे अथवा संशोधनसंस्थेकडे सोंपविण्याचा दुसरा ठराव मांडावा. ठरावावांचून दिलेला कागद उद्यां वादांत सांपडतो.

एक पथ्य मात्र अवश्य पाळावें. हे कागद दोनशें वर्षांपूर्वींचे नव्हेत. थकबाकी, घरांतील तंटे, विधवेच्या वारशाचे वाद यांत आलेलीं माणसें वा त्यांचीं मुलें हयात आहेत. जें जपावयाचें तें सर्व छापावयाचें नसतें. नांवें झांकून आंकडे व ठराव प्रसिद्ध करावे, आणि उरलेलें काळाच्या स्वाधीन करून सुरक्षित ठेवावें.

पेशवाईंतील एका पेठेंत किती घरें होतीं, तीं कोणाचीं, व त्यांवर घरपट्टी काय, हें सांगणारी एक यादी हातीं लागली तर आपणांस धन्यता वाटते. तशा याद्या आज आपल्याच जिन्याखालीं आहेत. त्या जमविण्याचा मान पुढील पिढीसाठीं राखून ठेवूं गेलों तर त्या पिढीस जमविण्याजोगें कांहीं उरणार नाहीं. म्हणून ज्यांस शक्य असेल त्यांनीं आपल्या संस्थेच्या दप्तराची यादी या वर्षींच करावी, अशी वाचकांस विनंति करून हें टांचण येथें पुरें करतों.